गंधकाची खोली

"मझार कोनी शे का?"

आत कोणी आहे का, एवढंच ती विचारायची. पण तीनदा विचारायची. चौकटीला डावा हात टेकायचा, मान आत घालायची, दर वेळी आवाज थोडा चढवायचा आणि मध्ये थांबून कान द्यायचा. खोली म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याहून जरा मोठी. आम्ही बाहेर तोंडाला पदर लावून हसत असू. एकदा शिवणमशीनवरच्या सुमननं बाहेरूनच बारीक आवाज काढून "शे, शे!" असं उत्तर दिलं, तर ही बाई पांढरीफटक पडली. त्या दिवशी तिनं खोलीत गंधकाची धुरी दिलीच नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. भित्रं म्हणून सगळे ज्याची थट्टा करतात, आणि ते माणूसही मुकाट्यानं ती थट्टा खरी मानून चालतं. आमची अक्का तशी होती. गावातले लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नरडाण्याच्या पुढे, शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या एका सहकारी संस्थेनं शिंदीच्या पानांच्या टोप्या बनवायचं केंद्र काढलं होतं. साहेबी थाटाच्या, रुंद काठाच्या टोप्या. मी जळगावची, तेविसाव्या वर्षी हस्तकलेची पदविका घेऊन तिथं देखरेखीला गेले. मला सगळ्या 'बाई' म्हणत. नाल्याकाठच्या शिंदीची पानं चिरून, वाळवून गावातल्या बायका घरीच त्यांची बोटभर रुंदीची वेणी विणत. सुमन ती वेणी मशीनवर गोल गोल शिवून टोपीचा आकार देई. पण मशीनवरून उतरलेली टोपी पाहिली तर कोणी डोक्यावर घेतली नसती. सगळीकडून टोकं बाहेर आलेली, रंग मळकट हिरवा, काठ वाकडातिकडा. साळिंदरच जणू.

ते साळिंदर अक्काच्या मांडीवर यायचं आणि पुढं त्याची टोपी व्हायची.

आधी ती लहान कात्रीनं टोकं छाटायची. मग स्पिरिटच्या दिव्यावरून टोपी अशी फिरवायची, की कुसळं तेवढी जळावीत आणि पान तसंच राहावं. त्यानंतर टोप्या भिजवून गंधकाच्या खोलीत दोरीवर टांगायच्या. दारापाशी घमेल्यात निखारे ठेवून त्यावर गंधकाची पूड टाकायची, दार लावायचं, फटी ओल्या गोणपाटानं बुजवायच्या. चार-पाच तासांनी दार उघडलं की मळकट पान लोण्यासारखं पिवळसर पांढरं झालेलं असे. मग लाकडी ठोकळ्यावर चढवून, वर ओलं फडकं टाकून कोळशाची इस्त्री. शेवटी काठ कानाशी नेऊन ती हलकेच दाबायची. आत ओल राहिली असेल तर पान मुकं राहतं, सुकलं असेल तर कुरकुरतं. "बोलनी," म्हणून ती टोपी बाजूला ठेवायची, म्हणजे ती टोपी झाली.

हात असे, आणि माणूस मात्र सदा घाबरलेलं. विजेचं बटण ती लाकडाच्या पट्टीनं दाबायची. जीपमधून कोणीही उतरलं की मागच्या दारानं पसार. संस्थेच्या अहवालासाठी फोटोवाला आला तेव्हा तिनं टोपीच तोंडासमोर धरली, आणि अहवालात सगळ्या बायकांमध्ये एका बाईला डोक्याऐवजी नुसती टोपी दिसते. "माले भ्याव वाटस," हे ती दिवसातून दहादा म्हणायची, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. आपल्याला तहान लागली हे जसं आपण सांगतो, तसं ती भीती वाटते म्हणून सांगायची.

एकदा मी तिला विचारलं, "अक्का, खोली तर समोर दिसते. मग रोज कोणाला हाका मारता?"

ती टोकं छाटत होती. मान वर न करताच तिनं सांगितलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना माहेरी धान्याचं पेव उघडलं होतं. जमिनीतल्या त्या बंद खड्ड्यात तिचा थोरला भाऊ उतरला. बराच वेळ वर आला नाही, म्हणून त्याला बघायला काका उतरला. ही वर काठावर उभी होती, हातात दोघांच्या चपला घेऊन.

"मी आवाज दिधा," ती म्हणाली. "कोनी बोलनं नही."

बंद पेवात विषारी हवा साठते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी तिला ते समजावून सांगू लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढची टोपी मांडीवर ओढली.

ही हकिकत कळल्यावर तरी मी हसणं थांबवायला हवं होतं. हसणं थांबलं, पण आतली घाई गेली नाही. प्रत्येक धुरीला ही बाई पाच मिनिटं खाते असं मला वाटायचं. आणि शिकलेल्या माणसाला भित्र्या माणसाबद्दल जी एक मऊ तुच्छता वाटते, ती मला वाटत होती. आता ती कबूल करायला हरकत नाही.

पुढं घडलं ते चैत्रातलं. जळगावच्या एका प्रदर्शनासाठी टोप्या पाठवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता आणि शेवटच्या शंभर-सव्वाशे टोप्यांना धुरी द्यायची राहिली होती. सकाळपासून वीज नव्हती. खोलीला लागून पिठाची गिरणी होती. तिच्यापुढं बायका डबे घेऊन वाट बघत बसल्या होत्या. अक्कानं ओल्या टोप्या तीन रांगांत टांगल्या, निखारे घमेल्यात भरले आणि ती दिसेनाशी झाली. तिचं घर समोरच. भाकरी खायला गेली असेल असं मी धरून चालले.

दहा मिनिटं गेली. निखाऱ्यांवर राख चढू लागली. मी घड्याळ बघितलं. हे काम मी किती वेळा पाहिलं होतं! मी घमेलं उचललं, दाराच्या आत ठेवलं, पूड टाकली. निळी ज्योत सरसरत उठली आणि काडेपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम नाकाखाली ओढल्यासारखा वास आला.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला आठवण झाली. तिचे ते शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. पण सुमन मशीनवरून माझ्याकडं बघत होती. रिकाम्या खोलीला हाक मारायची मला लाज वाटली. मी दार ओढलं आणि कडी लावली.

तेवढ्यात वीज आली. बायकांनी आनंदानं कालवा केला, आणि गिरणी धडधडू लागली. गिरणी चालू असली की आमच्या भिंतींना हात लावला तरी त्या थरथरताना कळत. मी गोणपाट भिजवून फटी बुजवल्या आणि इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन बसले. दारावर धक्के बसले का? बसले असणार. मला ऐकू आले का? गिरणीच्या ठोक्यांत मिसळलेला एखादा वेगळा ठोका मी ऐकला आणि तो गिरणीचाच मानला का? इतकी वर्षं झाली, मी अजून खात्रीनं नाही म्हणू शकत नाही.

दहा-बारा मिनिटांनी वीज पुन्हा गेली. बायकांनी विजेच्या खात्याला शिव्या घातल्या. गिरणीचा पट्टा फडफडत मंदावला आणि थांबला. सगळं एकदम गप्प झालं.

त्या शांततेत गंधकाच्या खोलीमागून खोकला ऐकू आला.

सुमननं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पुन्हा खोकला आला, पण तो माणसाचा वाटेना. कोणीतरी कापड फाडत असावं, तसा. मी धावले, गोणपाट उपसू लागले, पण ते कडीत अडकून बसलं होतं. कडी निघाली. दार उघडताच पांढरा धूर अंगावर आला, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, घसा आवळला. आत टांगलेल्या टोप्या तेवढ्या पुसट दिसत होत्या. रांगेनं लटकलेली डोकीच जशी.

"अक्का!" मी ओरडले. उत्तर नाही.

मी उंबऱ्यावर उभी होते. मला आत जायचं होतं. पाय उचलला नाही. हेही मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. सुमननं मला कोपरानं बाजूला ढकललं, ओलं गोणपाट डोक्यावरून ओढून घेतलं आणि ती वाकून आत शिरली. दोऱ्या तुटल्या, टोप्या खाली आल्या. तिनं अक्काला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं.

काय झालं ते मला नंतर सुमनकडून कळलं. मागच्या कोपऱ्यातल्या भिंतीला एक भोक पडलं होतं. धूर वाया जाऊ नये म्हणून अक्का मातीचा गोळा घेऊन ते बुजवायला आत गेली होती. टोप्यांच्या तीन रांगांमागं, अंधारात, उकिडवी बसून. दार लागल्यावर ती दाराकडं धावली, पण घमेलं दारातच होतं. तिथं श्वास घेता येईना. ती परत कोपऱ्यात गेली आणि स्वतःच बुजवलेलं भोक नखांनी उकरून त्याला तोंड लावून पडून राहिली. माती ओली होती म्हणून निघाली.

प्रदर्शनाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्या दिवशी मिळाला तो कांद्याच्या गोण्या भरलेला. गोण्यांवर तिला निजवून आम्ही धुळ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे सुजून मिटलेले, ओठ काळेनिळे. प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. तो आला की मला भीती वाटे, आणि यायला उशीर झाला की त्याहून जास्त. सोनगीरचा चढ येईपर्यंत मी तिचे श्वास मोजत होते. मध्येच मोजणी चुकली आणि मी रडायला लागले. सुमन म्हणाली, "बाई, आते नको. मंग रडजो." मग रडा, आत्ता नको.

संध्याकाळपर्यंत तिचा नवरा आला. त्यांना सगळे नाना म्हणत. कमी बोलणारा, उंच, वाकलेला माणूस. शेतातून तसेच आले होते, पायाला माती होती. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण छातीला कायमचं लागलंय. नानांनी मान हलवली. मग आमच्याकडं वळून त्यांनी हळूच विचारलं,

"दार कोनी लावं?"

दार कोणी लावलं. मी फरशीकडं बघत राहिले. पोलीस, नोकरी, जळगावचं घर, आईचा चेहरा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी बोलले नाही. सुमनही बोलली नाही. तिला माझी नोकरी वाचवायची होती की मीच सांगावं म्हणून ती थांबली होती, कोण जाणे.

मग खाटेवरून आवाज आला. तो अक्काचा आवाज नव्हता. खरवडलेला, जेमतेम ऐकू येणारा.

"बाईनी लावं. तिनी इचारं नही."

तिनं विचारलं नाही. एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले. नाना माझ्याकडं बघू लागले. मला वाटलं, आता हा माणूस हात उचलेल, आणि उचलला तर बरं होईल. पण अक्काची बोटं हलली. तिनं नानांचं धोतर धरून ओढलं.

"तिले घर जाऊ दे. ती भ्यायेल शे."

तिला घरी जाऊ दे, ती घाबरली आहे. स्वतः जेमतेम जिवंत असलेली बाई माझ्याबद्दल हे सांगत होती. आयुष्यभर भीतीशी घरोबा केलेला असल्यामुळं तिला ती दुसऱ्याच्या तोंडावर लगेच ओळखू आली असेल.

संस्थेच्या अध्यक्षबाई दुसऱ्या दिवशी आल्या. दार मीच लावलं हे मी सांगितलं, या वेळी न विचारताच. राजीनामाही लिहून पुढं ठेवला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "बघते." मी ट्रंक भरू लागले. त्या रात्री मला झोप आली नाही, नंतरच्याही कित्येक रात्री आली नाही. डोळा लागला की खोलीचं दार दिसे. चौथ्या दिवशी सुमन दवाखान्यातून निरोप घेऊन आली. "अक्कानी सांगं, बाईले म्हना पयी जाऊ नको." पळून जाऊ नको. मी ट्रंक रिकामी केली. अध्यक्षबाईंनी राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी अक्का केंद्रात आली. घरापासून समोरच्या दारापर्यंत यायला तिला दोनदा बसावं लागलं. आवाज परत आला नव्हता, तो पुढंही आला नाही. आम्ही मधल्या काळात धुरी बंदच ठेवली होती आणि मळकट टोप्या कोणी घेत नव्हतं. बायका विणायचं थांबवून परत निंदायला जाऊ लागल्या होत्या. केंद्राला कुलूप लागायचंच बाकी होतं.

अक्का निंबाखाली बाजेवर बसली. तिनं मला खुणेनं बोलावलं. "टोप्या टांग."

"अक्का, माझ्याच्यानं नाही होणार."

"टांग."

मी टांगल्या. प्रत्येक रांगेमागं जाऊन बघितलं. दोरीखाली वाकून बघितलं. मागच्या भिंतीवरून तळहात फिरवला. घमेलं उचललं तर निखारे खुळखुळ वाजू लागले, इतके हात कापत होते. मी दारातून वळून तिच्याकडं बघितलं. ती डोळे न मिटता माझ्या हातांकडंच बघत होती.

"थरथरस ना?" ती म्हणाली. "थरथरू दे. आते तुले काम येई."

मी चौकटीला हात टेकला आणि ओरडले. तिचेच शब्द, तिच्याच भाषेत, तीनदा. गिरणीपुढच्या बायकांनी माना वळवल्या. कोणी हसलं नाही. दार लावल्यावर मी दर दोन मिनिटांनी गोणपाटाला कान लावत होते. शेवटी सुमननं मला हाताला धरून बाजेवर बसवलं. अक्कानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी धुरी दिली. एकाही दिवशी माझे हात स्थिर राहिले नाहीत, आणि एकाही दिवशी काही वाईट घडलं नाही. अक्का निंबाखाली बसून टोकं छाटायची, काठ कानाशी लावून बघायची. छपराखाली मात्र ती येत नसे. घरीही ती अंगणातच निजे. पावसाळ्यात नाना ओसरीवर खाट टाकत आणि ओसरीला पडदा लावू देत नसत. मी त्यांच्या घरी जायची, तिच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खायची. त्या दिवसाबद्दल आम्ही तिघं कधी बोललो नाही. एकदाच, भाकरी थापताना मध्येच थांबून तिनं विचारलं होतं, "तुले आजून सपन पडस का?" मी हो म्हटलं. "माले बी," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

नव्वद सालानंतर बाजारात कापडी आणि नायलॉनच्या टोप्यांचे ढीग आले. आमच्या टोप्या कोणी विचारीना. केंद्र बंद झालं तेव्हा कोणी भाषण केलं नाही. सुमन मशीन घेऊन घरी गेली. मला जळगावला शाळेत नोकरी मिळाली. अक्काचा मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, त्यानं आईवडिलांना तिकडं बोलावून घेतलं. ती तिथंच गेली, दोन हिवाळे काढून. मला ते सुमनच्या पत्रातून कळलं, तोवर दिवसकार्यही होऊन गेलं होतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते नरडाण्याच्या स्टेशनवर, सकाळी. सुरतेकडं जाणारी पॅसेंजर दोनच मिनिटं थांबायची. नानांनी बोचकी आत टाकली. अक्का पायरीपाशी येऊन अडली. ती आगगाडीत कधी बसली नव्हती. गार्डनं शिट्टी वाजवली, तशी मी आणि सुमननं तिला दोन्ही बाजूंनी उचलून वर चढवलं. वजन असं नव्हतंच.

"आत जा, अक्का, जागा आहे, बसा," मी ओरडून सांगत होते.

तिनं नाही म्हणून मान हलवली. गाडी हलली. मी थोडी गाडीबरोबर चालले, मग थांबले. ती दारातच उभी होती. दांडा दोन्ही हातांनी आवळून धरलेला, डोळे गच्च मिटलेले, वाऱ्यानं पांढरे केस तोंडावर आलेले. आणि तिच्या मागं, डब्याच्या अंधारात, नाना उभे होते. तिच्या पदराचं टोक त्यांनी आपल्या मुठीला दोन वेढे देऊन घट्ट धरलं होतं.